मान खाली

शुक्रवारी रात्री मी मैदानाच्या कडेला साखळी धरतो.
दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या,
त्यातली एक एकवीस वर्षं माझ्याच हातात आहे.
बाकी आठवडा मी धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याशी.
म्हणून जे सांगतो ते मापात सांगतो.

लेलंड व्होयटेक सेंटर खेळायचा.
म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून
चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा
आणि दिल्या क्षणी समोरचा सव्वाशे किलोंचा माणूस
छातीवर झेलायचा.
चेंडू मग दुसऱ्याचा. टाळ्याही.
मान खाली घालणं म्हणजे शरम म्हणतात;
त्याची तर नोकरीच ती.

हार्लन क्रीकहून तो विद्यापीठात गेला,
तिथून मोठ्या शहरात, पगारी संघात. सहा हंगाम.
त्याच्या आईनं कात्रणांसाठी जाड वही आणली होती.
फोटोत कुणीतरी दुसराच हवेत उडालेला,
खाली गर्दीत एक कोपर, अर्धं हेल्मेट,
आणि तिनं निळ्या पेनानं काढलेला बाण:
हा आमचा.

सहा हंगामांत रेडिओवर त्याचं नाव
एकदाच स्वच्छ ऐकू आलं.
डिसेंबर. दगडासारखा गोठलेला चेंडू. शेवटचं मिनिट.
चेंडू मागच्याच्या डोक्यावरून गेला.
आम्ही डुहाइमच्या सलूनमध्ये होतो.
कुणी काही बोललं नाही,
वस्तरा तेवढा माझ्या कानाखाली थांबला.

पुढच्या ऑगस्टात एक गुडघा गेला, नंतर दुसरा.
त्यानं गुडघे टेकले असं कुणी म्हणू शकत नाही,
टेकायला ते उरलेच नव्हते.

परत आला तेव्हा शाळेत जागा होती
पोरांना गाडी शिकवायची,
आणि तिच्याबरोबर गळ्यात पडलेला संघ,
ओळीनं तेरा सामने हरलेला.
दुपारी तो शिकवायचा ब्रेक कधी दाबायचा,
संध्याकाळी, कधी दाबायचा नाही.
(विनोद त्याचाच. दर वर्षी हाच.)
एकशे चार जिंकले, एकशे नऊ हरले.
पाचाची तूट.
काट्यावर एवढी आम्ही धुळीत धरतो.

गेल्या ऑक्टोबरात एलाडिओ बारिएन्तोसनं,
ज्याची आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
तसाच चेंडू दिला. डोक्यावरून.
सामना गेला.
लोक गाड्यांकडे निघाले, दिवे साडेदहाला विझतात,
मी साखळी गुंडाळत होतो.
तेवढ्यात शाळेची शिकवणीची गाडी,
दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली ती,
गवतावर आली. हेडलाइट लागले.

कोच उतरला. पोराला मागे उभं केलं
आणि स्वतः वाकला.
वाकायला वेळ लागला. आधी एक हात मांडीवर,
मग जमिनीवर, मग वाकडी झालेली बोटं चेंडूवर.
मी श्वास धरला, पोरानंही धरला असावा.

चेंडू सुटला तो
एलाडिओच्या डोक्यावरून, उजेडाबाहेर.
मुद्दाम, की बोटांमुळे?
मला विचारू नका. पोरानंही विचारलं नाही.
ते अंधारात शोधत राहिलं, गवत चाचपत,
आणि कोच तसाच, ओणवा,
पायांमधून मागे बघत म्हणाला,
"इथून गवत वर असतं आणि तारे खाली.
सवय होत नाही रे.
मिळाला का?"

मिळाला. पुन्हा दिला. पुन्हा.
सातवा की आठवा नीट छातीवर बसला,
तेव्हा कळलं की त्याला सरळ होता येत नाहीये.
एका बगलेत मी, एका बगलेत पोरगं.
साधारण एकशे बारा किलो भरला असेल.
माझा अंदाज सहसा चुकत नाही.